धाटागणिक एक नाव

बसलिंगप्पा आपण होऊन दारात आला, तेव्हा चांगुणा चुलीपुढं बसून दळणाचे जोंधळे निवडत होती. तिनं मान वर केली नाही. सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला, मग दुसरा टाकला, आणि त्याला उंबऱ्याबाहेर उन्हात उभं राहू दिलं. दोन वर्षं ती याच दिवसाची वाट बघत होती. आणखी चार खडे वेचायला तिची काही हरकत नव्हती.

बसलिंगप्पाचं सहा एकर रान होटगी स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून होतं. त्यात मालदांडी ज्वारी उभी होती, कणसं मुठीएवढी, दाणा भरून मोत्यासारखा झालेला. ही ज्वारी हातानं मुळासकट उपटायची, भुईवर आडवी पसरून वाळवायची, मग पेंढ्या बांधून, दाणा भिजू नये म्हणून कणसं आत घालून त्यांचा उभा ढीग, म्हणजे बुचाड, रचायचं. त्याच्या रानात हे काम बायांच्या हातांनीच व्हायचं, आणि बाया आता अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांत जात होत्या. टेम्पो त्यांना सकाळी नेई आणि दिवस मावळता आणून सोडी. गावात काढणीची एकच टोळी उरली होती, चौदा बायांची, आणि तिची मुकादम चांगुणा होती. बसलिंगप्पानं आधी तीन गावं पालथी घातली, हे तिच्या कानावर आलं होतं. सगळीकडून हात हलवत परत आला, तेव्हा कुठं त्याला ख्रिस्ती वस्तीची वाट सापडली.

"रविवारी पाऊस सांगितलाय," तो म्हणाला. "मोबाइलवर दावत्यात. त्याच्या आत बुचाड लागलं पायजे."

"लागंल की," चांगुणा म्हणाली.

तो जरा गोंधळला. बरंच काही ऐकून घ्यायच्या तयारीनं तो आला होता आणि ते ऐकायला न मिळाल्यामुळं त्याला हातांचं काय करावं ते कळेना. मजुरी नेहमीचीच ठरली, बाईला वीस पेंढ्यांमागं एक. उद्यापासून येतो, असं तिनं सांगितलं. तो वळून रस्त्याला लागला तसं तिला हसू आलं. फार दिवसांनी आलं होतं, त्यामुळं ते तोंडावर नीट बसेना.

दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा शांतवन गेला तो येळामावसेच्या दिवशी. त्या दिवशी या भागातले शेतकरी बायकापोरांसह रानात जातात, उभ्या पिकात कडब्याची खोपी, म्हणजे कोप, करून लक्ष्मी पुजतात, आंबील पितात. ख्रिस्ती लोकांची दफनभूमी बसलिंगप्पाच्या रानापलीकडं, रानाला वळसा घालणाऱ्या ओढ्याच्या काठावर होती. रानाच्या मधून पाऊलवाट होती आणि वस्तीतली प्रत्येक मयत त्याच वाटेनं गेली होती. पीक उभं असलं तर दोघं पुढं होऊन धाटं बाजूला दाबत, मागून पेटी जाई. त्या दिवशी बसलिंगप्पा काठी घेऊन बांधावर आडवा झाला. रानात लक्ष्मी बसल्यात, आज हितनं मढं जाणार न्हाय, एवढंच म्हणाला आणि पाठ फिरवून पूजेला बसला.

मग पेटी ओढ्यातून न्यावी लागली. खालच्या बंधाऱ्यामुळं तिथं उन्हाळ्यापर्यंत पाणी तुंबलेलं असतं. मधल्या शेवाळलेल्या खडकावर पोरांचे पाय घसरले आणि पेटी कलली. चांगुणाचा मुलगा प्रदीप गळ्याइतक्या पाण्यात गेला आणि त्यानं पेटीचं टोक दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरून ठेवलं. तरी खालच्या कडेनं पाणी आत शिरलंच. ज्या माणसानं आयुष्यभर इस्त्रीचा सदरा घातल्याशिवाय रविवारी घर सोडलं नाही, तो ओल्या कपड्यांत मातीत गेला. पुढं बसलिंगप्पानं ती वाट नांगरून टाकली आणि दोन्ही तोंडांना बाभळीच्या काट्या ओढल्या. प्रदीपनं तहसिलीत अर्ज दिला होता, त्याला तारखा मिळत होत्या. दरम्यान वस्तीत आणखी दोन मयती झाल्या आणि दोन्ही ओढ्यातून गेल्या.

शांतवन रेल्वेत होता. होटगीच्या पुढं रोज पाच-सहा मैल रुळावरून चालायचं आणि रूळ धरून ठेवणारी एकेक किल्ली हातोड्यानं ठोकून बघायची, हे त्याचं काम. किल्लीगणिक तो एकेकाचं नाव घेई आणि देवापुढं ठेवी. आईचं, साहेबाचं, चांगुणाचं, गेटजवळच्या लंगड्या कुत्र्याचं. बसलिंगप्पाचंसुद्धा घेत असे, कारण नाव घेताना तो कुणाला वगळत नसे. देवाला एवढं चर्च बांधून दिलंय तर त्याला रुळावर कशाला बोलावताय, असं चांगुणा त्याला चिडवायची. तो म्हणायचा, "त्यो हितंच असतो गं. कुटं भेटंल नेम न्हाय. आपुनच वळखत न्हाय त्याला."

गुरुवारी सकाळी चांगुणानं टोळी रानात उतरवली. जिची तिची पात, म्हणजे उपटायची ओळ, नेमून दिली आणि मधली पात स्वतः धरली. कंबरेत वाकायचं, चार-पाच धाटं मुठीत धरायची, टाच रोवून उपटायची, मुळाची माती पायावर आपटून झाडायची, आडवी टाकायची. दहा वाजेपर्यंत तळहात सोलून निघाले. पानांच्या कडांनी दंडावर बारीक चिरा पडल्या, त्यांत घाम झोंबू लागला आणि मानेत कणसांची बारीक कूस शिरून आग आग झाली. चांगुणाला काही जाणवत नव्हतं. नवऱ्याची सवय तिनं त्याच्यामागं उचलली होती, फक्त तिच्याकडं नाव एकच होतं. बसलिंगप्पा, तुजी माती हू दे. धाट उपटलं. बसलिंगप्पा, तुजं वाटुळं हू दे. धाट उपटलं. चौदा जणींत तिची पात सगळ्यांच्या पुढं चालली होती.

दुपारी बसलिंगप्पाची बायको नागव्वा चहा घेऊन आली. टोळीतल्या केराबाई धनगरणीला आणि तिच्या सुनेला तिनं घरच्या कपांतून दिला. चांगुणाच्या वस्तीतल्या बायांचे आणि बौद्धवाड्याच्या संघप्रियाचे पेले बांधावरच्या बाभळीच्या बेचक्यात खोचलेले होते. ते ज्याचे त्यानं काढायचे, धुवायचे आणि परत खोचायचे. बीए झालेली संघप्रिया पेल्याकडं बघून म्हणाली की मला चहा चालत नाही. चांगुणानं मात्र पेला काढला, धुतला, चहा प्याली, पुन्हा धुतला आणि खोचला. हेही तिनं मनात नीट ठेवून दिलं.

शुक्रवारी बसलिंगप्पा म्हणाला की निम्म्या बाया उपटू द्या आणि निम्म्यांनी मागून पेंढ्या बांधायला घ्या. चांगुणानं समजावून सांगितलं की धाट अजून ओलं आहे, ओलं बांधलं तर आत बुरशी धरते, दोन दिवस ऊन खाऊ द्या. त्यात खोटं काही नव्हतं. त्याला ते पटलं आणि तो मान डोलवून गेला.

खरी गोष्ट अशी होती की उभी ज्वारी पाऊस सोसते. थोडी काळवंडते, भाव मार खातो, पण घरात दाणा येतो. उपटून भुईवर आडवी केलेली ज्वारी पाऊस सोसत नाही. एका रात्रीत दाणा काळा पडतो आणि तीन दिवसांत कणसातच कोंब फुटतात, मग माणूस तर सोडाच, जनावरही नाक लावत नाही. चांगुणाला हे सहा एकर आडवं करून हवं होतं. शनिवारी तिनं बायांना पाणी प्यायलासुद्धा धड बसू दिलं नाही. दिवस कलला तेव्हा रस्त्यापासून ओढ्यापर्यंत एक धाट उभं नव्हतं आणि पश्चिमेला ढगांची काळी कड दिसू लागली होती.

बसलिंगप्पा खुशीत होता. उद्या उजाडताच या म्हणाला.

"उद्या रविवार," चांगुणा म्हणाली. "प्रभूचा दिवस. आमी कामाला हात लावत न्हाय."

"उद्या पाऊस हाय."

"असंल. आज देव बसलाय म्हनलं की कुनाचंच काय चालत न्हाय, मालक. तुमाला ठावंच हाय की."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्यानं पसरलेल्या ज्वारीकडं बघितलं, ढगाकडं बघितलं आणि तिच्याकडं बघितलं. चांगुणाला ते बघणं फार गोड लागलं. हातपाय धुऊन ती शांतपणे रस्त्याला लागली.

वाटेत केराबाईनं तिला गाठलं. म्हातारी स्पष्ट बोलणारी होती. चर्च झालं की दुपारनं तू दर वर्षी लोकांच्या रानात राबतीस, मग उद्याच तुझा देव एवढा सोवळा कसा झाला, असं तिनं विचारलं. संघप्रियानं वेगळंच काढलं. "मावशी, आमच्या वाटच्या पेंढ्या पन त्याच रानात पडल्यात. आमचं काय?" चांगुणानं सांगितलं की ज्याच्या त्याच्या वाटणीचं मी माझ्या कणगीतनं भरून देईन, पण उद्या त्या रानात पाऊल टाकणारीला पुन्हा माझ्या टोळीत पात मिळणार नाही. दोघी मागं राहिल्या आणि चांगुणा एकटीच पुढं चालत गेली.

रविवारी सकाळी तिनं कपाटातली पांढरी साडी काढली. चर्च म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली एक लांब खोली होती. पाळकसाहेब सोलापुरातून मोटारसायकलीवर आले, हेल्मेट खिडकीत ठेवून उभे राहिले. चांगुणा खिडकीपाशी बसली, म्हणजे ढग दिसावेत. पहिलं गीत संपेतो ते माथ्यावर सरकले होते. प्रभूच्या दिवशी एवढं समाधान तिला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

मग पाळकसाहेबांनी धडा वाचला. येशूचे शिष्य शब्बाथाच्या, म्हणजे देवानं नेमलेल्या विसाव्याच्या, दिवशी शेतातून चालले होते, भुकेले होते, चालता चालता कणसं मोडून खायला लागले. देवाचा दिवस मोडला म्हणून मोठी माणसं अंगावर आली, तर येशू म्हणाला की हा दिवस माणसासाठी केलाय, माणूस या दिवसासाठी केलेला नाही. वर्षात बावन्न रविवार आहेत आणि शास्त्रात धडे काही थोडे नाहीत. हा नेमका आजच कुणी काढला? शांतवनानंच वरून काढून दिला असणार, तो तसला होताच. तिनं भिंतीकडं बघून मनातल्या मनात त्याला सांगितलं की तुम्ही ओल्या कपड्यांत निजलाय, तुम्ही मध्ये पडू नका.

पण बसवेना. प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले तशी ती उठून बाहेर पडली, आणि टोळीतल्या वस्तीच्या बायाही तिच्या पाठोपाठ निघाल्या. मदतीला जायचं तिच्या मनात अजिबात नव्हतं, हे सांगायला हवं. ती बघायला चालली होती. दोन वर्षं कळ काढली ती घरात बसून पावसाचा आवाज ऐकण्यासाठी नव्हे. मारुतीच्या कट्ट्यावर टोळीतल्या बाकीच्या बाया आधीच बसून होत्या, डोक्याला फडकी बांधून. न बोलावताच त्याही उठून तिच्या मागं चालू लागल्या.

रानात बसलिंगप्पा आणि नागव्वा दोघंच होती. पोरगा पुण्यात नोकरीला, त्यामुळं तिसरं माणूस नव्हतं. सकाळपासून दोघांनी मिळून दोन बुचाडंसुद्धा उभी केली नव्हती. त्याला पेंढी बांधायची सवय राहिली नव्हती. पेंढीभोवती आळा पिळून गाठ मारली की उचलताना ती सुटे आणि धाटं पायावर सांडत. चांगुणानं बांधावर उभं राहून ते दोनदा बघितलं.

"आज येत न्हाय म्हनालीस," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती.

"कामाला न्हाय आले. बगायला आले."

नागव्वा पुढं आली. तिनं पदर पसरला आणि कानडीत काहीतरी पुटपुटली, मग मराठीत म्हणाली की आजच्या दिवस मनात धरू नको. लांब स्टेशनच्या अंगाला वीज चमकली. चांगुणानं आयुष्यात कधी एवढं बळ अंगात असल्याचं अनुभवलं नव्हतं. तेरा बाया तिच्या तोंडाकडं बघत होत्या. एक शब्द टाकला तर रान वाचत होतं, आणि गप्प राहिली तर जात होतं.

"येक पेंढी खांद्यावर घ्या," ती बसलिंगप्पाला म्हणाली. "ओढ्यातनं न्या, आमच्या दफनभूमीत. प्रदीपच्या बापाला नेलं तसं. मग आमी हात लावतो."

संघप्रिया हळूच म्हणाली, "मावशी, पुरे." चांगुणानं तिच्याकडं बघितलं नाही. नागव्वा पेंढी उचलायला वाकली, तर बसलिंगप्पानं तिला हातानं बाजूला सारलं. तो सहासष्ट वर्षांचा होता आणि गावात कुणी त्याला कधी डोक्यावर ओझं घेतलेलं बघितलं नव्हतं. चपला काढल्या, धोतर खोचलं, पेंढी खांद्यावर घेतली. कणसं त्याच्या तोंडावर हलत होती. तो ओढ्याकडं चालू लागला आणि चांगुणा दहा पावलं मागं राहून चालली. एकही पाऊल तिला चुकवायचं नव्हतं.

पाणी आधी पोटरीला लागलं, मग मांडीला. मधला खडक जवळ आला. पुढं काय होणार हे तिला ठाऊक होतं, त्याला नव्हतं, आणि तिनं सांगितलं नाही. त्याचा पाय शेवाळावर पडला आणि तो एकदम गळ्यापर्यंत खाली गेला. नाकातोंडात पाणी गेलं. पण पेंढी बुडाली नाही. त्यानं ती दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरली होती, कणसं आभाळाकडं करून, आणि खाली तो धडपडत होता, ठसकत होता, तरी हात खाली येत नव्हते.

चांगुणाच्या डोळ्यांपुढं प्रदीपचे हात आले. अगदी तसेच, याच खडकापाशी, याच पाण्यातून वर आलेले. ज्याच्यावर आपला जीव आहे ते भिजू नये म्हणून माणूस असाच उभा राहतो, मग तो कोणी का असेना. तिला हे बघायचं नव्हतं. तिला त्याचं बुडणं बघायचं होतं, आणि बघायला मिळालं ते हे.

पांढरी साडी नेसलेली ती पाण्यात कधी उतरली ते तिला कळलं नाही. तिनं त्याच्या दंडाला धरून वर ओढलं. तिच्या अंगाचा नुसता संताप संताप झाला होता, आणि तो आता बसलिंगप्पावर नव्हता.

"हितंच भेटायचं हुतं व्हय तुला?" ती आभाळाकडं बघून मोठ्यानं म्हणाली. "दुसरी जागा न्हाय गावली?"

"आं?" बसलिंगप्पा ठसकत म्हणाला.

"तुमाला न्हाय म्हनले. चला."

दफनभूमीच्या काठावर दोघंही निथळत चढली. शांतवनच्या कबरीपाशी सिमेंटचा लहान क्रूस होता, त्याला टेकवून बसलिंगप्पानं पेंढी उभी केली. वाकून दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून तो बराच वेळ श्वास घेत राहिला. क्रूसावरचं नाव त्यानं वाचलं असावं. त्याला मराठी सावकाश वाचता येत होतं.

"रान इटाळंल म्हनून भ्यालो हुतो त्या दिवशी," तो म्हणाला.

माफ केलं असं चांगुणाच्या तोंडून निघत नव्हतं, आणि या कबरीपाशी खोटं बोलणं तिला जमणार नव्हतं. ती परत ओढ्याकडं वळली, तेवढ्यात त्यानं हाक मारली. तो रानाच्या बाजूला गेला होता, जिथं पूर्वी वाटेचं तोंड होतं. दोन वर्षांच्या वाळलेल्या बाभळीच्या काट्या त्यानं हातांनीच ओढायला घेतल्या होत्या. काटे बोटांत घुसत होते, पण त्यानं सगळ्या काट्या बाजूला केल्या.

"हिकडनं चल," तो म्हणाला.

तो पुढं आणि ती मागं, अशी दोघं रानाच्या मधून चालत आली. वाट नांगरलेली होती, तरी तिच्या पायांना ती ठाऊक होती. बायांनी सांगण्याची वाट न बघता पेंढ्या बांधायला सुरुवात केली होती आणि केराबाई सगळ्यांवर ओरडत होती. बसलिंगप्पा बांधलेल्या पेंढ्या ओढून आणू लागला. बुचाडं कुठं लावायची हे मुकादमीण ठरवते, तशी चांगुणानं ठरवली. वाटेच्या दोन्ही अंगांना लावली आणि मधली चार हात जागा मोकळी ठेवली. त्यानं ते बघितलं आणि तो पेंढ्या आणत राहिला.

चारच्या सुमाराला पाऊस आला. तोवर चार एकर बुचाडात गेलं होतं. ओढ्याकडचं दोन एकर भिजलं, काळं पडलं, वाया गेलं. त्या दोन एकरांचं चांगुणाला वाईट वाटलं नाही. बाया बाभळीखाली पळाल्या आणि तीही निघाली होती, पण पायाशी एक चवड अजून तशीच पडली होती. ती वाकली. धाटं गोळा करताना सवयीनं तिच्या तोंडात त्याचं नाव आलं, बसलिंगप्पा, आणि पुढची शिवी काही केल्या आठवेना. मग तिनं नुसतंच नाव घेतलं आणि आळा आवळून बांधला.